दहातली एक चूक

प्रस्तावना

“काड्या फुल्ल दाखवतोय, पण नेट काही चालत नाही.” पेणच्या बाजारात, नागोठण्याच्या नाक्यावर, रोह्याच्या एसटी स्थानकात हे वाक्य रोज कुणी ना कुणी बोलतच असते. याच्या अगदी उलट अनुभवही लोक सांगतात. डोंगराच्या कुशीतली वाडी, फोनवर जेमतेम दोन काड्या, तरी मुंबईतल्या मुलाशी व्हिडिओ कॉल सुरळीत. ऐकणारा म्हणतो, या कंपन्यांचा काही भरवसा नाही. या पुस्तकाचा विषय नेमका या दोन अनुभवांच्या मधे आहे. टॉवरचा आवाज किती मोठा येतोय, एवढेच काड्या सांगतात. त्या आवाजावर किती माहिती चढवायची, तिला किती संरक्षण द्यायचे, किती जोर लावायचा, हे फोन आणि टॉवर आपसात ठरवतात, आणि ४-जीमध्ये ते सेकंदाला हजार वेळा ठरवता येते. अभियंते याला ‘लिंक ॲडॅप्टेशन’ म्हणतात. हवा, अंतर, वेग आणि गर्दी बदलेल तशी प्रसारणाची मांडणी बदलत राहायची, ही त्यामागची साधी कल्पना. आजचे सगळे मोबाइल जाळे तिच्यावर उभे आहे, आणि तरीही मराठीत तिच्याबद्दल वाचायला फारसे मिळत नाही.

पुस्तकातली उदाहरणे पेण ते रोहा या पट्ट्यातली आहेत, त्याला कारण आहे. रेल्वेने हे अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. मधे कासू, नागोठणे, निडी. एवढ्याशा अंतरात रेडिओलहरींना भेटणारा भूगोल पार पालटतो. पेणच्या पश्चिमेला खारेपाट आहे : बांध, खाजणे, मिठागरे, आणि धरमतरच्या खाडीपर्यंत सपाट मोकळा मुलूख. लहरीला अडवायला इथे काहीच नाही, त्यामुळे ती लांब जाते, आणि नको तिथेही जाते. आपल्या टॉवरबरोबर लांबलांबचे टॉवरही फोनला ऐकू येतात. भरती-ओहोटीने पाण्याची पातळी हलली की पाण्यावरून परावर्तित होऊन येणाऱ्या लहरीची वाट बदलते. थेट आलेली लहर आणि ही दुसरी, दोघी कधी एकमेकींना बळ देतात, कधी एकमेकींना खोडून काढतात. नागोठणे सोडून सुकेळी खिंडीकडे निघाले की मात्र डोंगर सुरू होतात. कुंडलिकेच्या खोऱ्यात, अवचितगडाच्या आसपासच्या वाड्यांत, टॉवर एखाद्या धारेच्या पलीकडे गेला की सिग्नल धाडकन पडतो. पण तोच डोंगर बाकीच्या टॉवरांचा गोंगाटही अडवतो.

म्हणून दोन काड्यांवर कॉल लागतो आणि पाच काड्यांवर नेट अडते. फोनच्या कामाचे असते ते सिग्नल आणि गोंगाट यांचे प्रमाण. क्लॉड शॅननने १९४८ साली गणिताने दाखवून दिले की ठराविक रुंदीच्या वाहिनीतून चुकांशिवाय किती माहिती पाठवता येईल याला मर्यादा असते आणि ती मर्यादा या प्रमाणावर ठरते. प्रमाण चांगले असताना ते आणखी दुप्पट केले, तर दर सेकंदाला दर हर्ट्‌झमागे साधारण एका बिटची भर पडते, त्याहून जास्त नाही. शॅननने मर्यादा सांगितली, तिथवर पोहोचायचे कसे हे सांगितले नाही. ते शोधण्यात पुढची पन्नास वर्षे गेली.

आधीच्या काळी उत्तर सोपे होते : सर्वांत वाईट दिवस धरून आखणी करायची. दोन टॉवरांमधला सूक्ष्मलहरींचा दुवा जुलैतल्या कोसळत्या पावसातही टिकावा म्हणून त्याची गती आधीच कमी ठेवायची. दुवा टिकायचा, पण जानेवारीच्या निरभ्र रात्रीही तो जुलैच्याच गतीने चालायचा. कोकणात पाऊस चार महिने. उरलेले आठ महिने हाताशी असलेली क्षमता नुसती पडून राहायची. लिंक ॲडॅप्टेशनचे सगळे तंत्र या पडीक क्षमतेला वापरात आणण्यासाठी जन्माला आले.

ते चालते कसे, हे पाहायला नागोठणे स्थानकावर उभ्या असलेल्या एका ४-जी फोनकडे जाऊ. टॉवर सतत ओळखीच्या खुणा पाठवत असतो. त्या किती बिघडून पोहोचल्या यावरून फोन अंदाज बांधतो आणि टॉवरला ० ते १५ मधला एक आकडा कळवतो. याचे नाव सीक्यूआय, म्हणजे वाहिनीच्या प्रतीचा निर्देशांक. ० म्हणजे काहीच जमणार नाही. १ म्हणजे सर्वांत भक्कम आणि सर्वांत संथ मांडणी : प्रत्येक चिन्हावर फक्त २ बिट, आणि पाठवलेल्या दर १०२४ बिटांत खरी माहिती ७८ बिटांची, उरलेले सगळे त्या माहितीच्या संरक्षणासाठी. १५ म्हणजे दुसरे टोक : प्रत्येक चिन्हावर ६ बिट आणि १०२४ पैकी ९४८ बिट खऱ्या माहितीचे. या दोन टोकांत गतीचा फरक सुमारे ३६ पटींचा आहे. तीच कंपनी, तोच टॉवर, तेच सिमकार्ड, आणि गती ३६ पट कमी किंवा जास्त.

एका चिन्हावर जास्त बिट चढवायचे म्हणजे काय, हे पेणकरांना सांगायला वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही. गणपतीच्या कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी भरपूर उजेडात, हात स्थिर असताना होते. उजेड कमी झाला की कारागीर ते काम बाजूला ठेवतो आणि अंगाचा रंग देण्यासारखे ढोबळ काम हाती घेतो. क्यूपीएसके या मांडणीत लहरीच्या चारच अवस्था असतात. त्या एकमेकींपासून इतक्या दूर, की गोंगाटाने थोडे इकडेतिकडे झाले तरी घोटाळा होत नाही. १६-क्यूएएममध्ये सोळा अवस्था आणि ४ बिट, ६४-क्यूएएममध्ये ६ बिट, २५६-क्यूएएममध्ये ८ बिट. अवस्था वाढतात तशा त्या जवळजवळ येतात आणि ओळखायला स्वच्छ सिग्नल लागतो.

नागोठण्याच्या आपल्या फोनने ७ हा आकडा कळवला असे धरू. टॉवरने १६-क्यूएएम निवडले, १०२४ मागे ३७८ बिट माहिती ठेवली आणि एका मिलिसेकंदाचा गठ्ठा पाठवला. तेवढ्यात फलाटावर दुसरी गाडी आली आणि गठ्ठा बिघडून पोहोचला. फोनने तो फेकून दिला नाही. ‘कळले नाही’ असा निरोप टॉवरला गेला आणि बिघडलेली प्रत फोनने जपून ठेवली. आठेक मिलिसेकंदांनी टॉवरने पुन्हा पाठवले. दुसरी प्रतही धड नव्हती, पण दोन्ही एकत्र केल्यावर मजकूर सुटला. व्हिडिओ पाहणाऱ्याला यातले काहीही जाणवले नाही. या तंत्राला एचएआरक्यू म्हणतात, आणि पुढे जे सांगायचे आहे त्याचा आधार हेच तंत्र आहे.

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्या काळच्या जीएसएममध्ये जुळवून घेणे मुख्यतः शक्तीपुरते होते. फोन लांब गेला तर जोर वाढवा, जवळ आला तर कमी करा. बोलण्याला ठराविक गती पुरते, त्यामुळे गती कायम आणि शक्ती बदलती, हे धोरण रास्तच होते. पुढे ३-जीच्या डब्ल्यूसीडीएमएमध्ये शक्तीची ही कमी-जास्त सेकंदाला १५०० वेळा होऊ लागली. दरम्यान आवाजाचा एएमआर कोडेक आला : सेकंदाला ४.७५ ते १२.२ किलोबिटपर्यंत आठ गती. सिग्नल चांगला असेल तर आवाज अधिक स्पष्ट, नसेल तर थोडा चपटा, पण कॉल तुटत नाही. जीपीआरएसमध्ये चार मांडण्या होत्या, एजमध्ये नऊ झाल्या.

धोरण खऱ्या अर्थाने उलटले ते डेटामुळे. १९९७ साली अँड्रिया गोल्डस्मिथ आणि प्रवीण वरैया यांनी क्षीण-प्रबळ होत राहणाऱ्या वाहिनीच्या क्षमतेवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. वरैया मूळचे मुंबईचे, व्हीजेटीआयचे पदवीधर. नंतर बर्कलीला गेले. त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष व्यवहारबुद्धीला धक्का देणारा होता. वाहिनी वाईट झाली की जास्त जोर लावावा, असे कुणालाही वाटेल. गणित सांगते की वाहिनी चांगली असेल तेव्हा जास्त पाठवा, वाईट असेल तेव्हा हात आखडता घ्या, अगदीच वाईट असेल तर गप्प बसा. दुसरा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा : शक्ती कायम ठेवून नुसती गती बदलत राहिले तरी जवळजवळ तेवढाच फायदा पदरात पडतो. ४-जीमध्ये टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या वाटेवर भर मुख्यतः गती बदलण्यावर आहे, तो याच विचारातून. उलट वाटेवर, फोनकडून टॉवरकडे जाताना, शक्ती अजूनही बदलतेच. ४-जी फोनची कमाल शक्ती साधारण २०० मिलिवॉट. खोऱ्यातल्या वाडीत फोन त्या मर्यादेला टेकून बोलत राहतो, म्हणून तिथे बॅटरी लवकर उतरते.

इथवर सगळे सुबक वाटते. खरी अडचण सुरू होते गाडी सुटल्यावर. ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी एका मिलिसेकंदात सुमारे २.८ सेंटिमीटर पुढे जाते. १८०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी १७ सेंटिमीटरच्या आसपास. डोंगर, पूल, डबे यांवरून उसळून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात तेव्हा साधारण अर्ध्या लांबीवर, म्हणजे आठेक सेंटिमीटरवर, सिग्नलचे चढ-उतार बदलतात. चालणाऱ्या माणसाला आठ सेंटिमीटर जायला ७० ते ८० मिलिसेकंद लागतात, गाडीला तीन. फोनने मोजायचे, कळवायचे, टॉवरने वाचून अंमल करायचा, यात काही मिलिसेकंद जातातच, आणि फोन दर मिलिसेकंदाला अहवाल पाठवतही नाही. टॉवरच्या हाती बातमी पडते तेव्हा ती शिळी झालेली असते. तिच्यावर विसंबून घेतलेला निर्णय भूतकाळातल्या वाहिनीसाठी असतो.

म्हणूनच पाठलाग कधी सोडायचा हे ठरवणे इथे कळीचे होते. चालत्या माणसासाठी प्रत्येक चढ-उतार पकडणे फायद्याचे असते. गाडीतल्या प्रवाशासाठी सरासरी धरावी, थोडे बेताने पाठवावे आणि बिघडेल ते एचएआरक्यूवर सोपवावे. कमी कंप्रतेचा पट्टाही इथे मदतीला येतो. ९०० मेगाहर्ट्‌झला लहरीची लांबी दुप्पट होते, म्हणून बातमीही दुप्पट वेळ ताजी राहते.

आता पुस्तकाच्या मध्यवर्ती विचाराकडे वळतो. सीक्यूआयची व्याख्याच अशी आहे : ज्या मांडणीत गठ्ठा बिघडण्याची शक्यता दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, अशी सर्वांत वेगवान मांडणी फोनने सुचवावी. नेहमीच्या डेटासाठी जाळी याच आकड्याच्या आसपास चालवली जातात. म्हणजे पहिल्या प्रयत्नात दहातला एक गठ्ठा बिघडणार, हे धरूनच सगळे चाललेले असते. नवख्या विद्यार्थ्याला हे ढिसाळपणाचे वाटते. हजारात एकच गठ्ठा बिघडत असेल तर ते उत्तम जाळे नव्हे का? नव्हे. हजारात एकच बिघडतो याचा अर्थ टॉवर फार घाबरून पाठवतो आहे. तो आणखी एक पायरी वर चढू शकला असता आणि बिघडलेला गठ्ठा दुरुस्त करायची सोय हाताशी होतीच. उलट दहात तीन-चार बिघडू लागले तर सगळा वेळ पुन्हा पाठवण्यातच जाईल. या दोन्हींच्या मधे, अपयशाच्या काठाकाठाने, जाळे मुद्दाम चालवले जाते.

हा काठ सापडतो कसा, तेही पाहण्यासारखे आहे. फोनफोनांच्या मोजण्यात फरक असतो. एक आकडा फुगवून सांगतो, दुसरा हात राखून. टॉवर त्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवत नाही. प्रत्येक फोनसाठी तो एक दुरुस्तीचा हिशेब ठेवतो. गठ्ठा नीट पोहोचला की अंदाज किंचित वर, बिघडला की खाली. आणि खाली जाण्याची पायरी वर जाण्याच्या पायरीच्या नऊपट मोठी. नऊ यशांनी कमावलेले एका अपयशात जाते. त्यामुळे हिशेब आपोआप अशा जागी स्थिरावतो जिथे दहात एक चूक होते. चार ओळींचे गणित, पण त्यात अनोळखी फोन, सदोष मोजमाप आणि शिळी बातमी या तिन्ही गोष्टी पोटात घेतल्या जातात. प्रमाणित नियमावलीत सीक्यूआयचे तक्ते ठरवून दिलेले आहेत. टॉवरने प्रत्यक्ष निवड कशी करावी, हे मात्र बनवणाऱ्यावर सोडले आहे. संशोधनाला मोकळी जागा आहे ती इथे. आयआयटी मुंबई आणि समीर या संस्थांचा सहभाग असलेला देशी ५-जी चाचणी-मंच १७ मे २०२२ रोजी खुला झाला, आणि लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणाऱ्या रायगडच्या विद्यार्थ्यांनाही हे गणित साध्या संगणकावर करून पाहता येते.

दहा टक्क्यांचा आकडा सगळीकडे चालतो असे मात्र नाही. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी उद्या एखादी झडप बंद करण्याचा हुकूम बिनतारी गेला, तर तिथे पुन्हा पाठवायला वेळ नसतो. अशा कामासाठी ५-जीमध्ये वेगळा तक्ता आहे. तिथे चुकीची मर्यादा लाखात एक. अर्थात त्याची किंमत गतीत मोजावी लागते. किती चुका परवडतात, हे काम पाहून ठरते.

कोकणातल्या वाचकाच्या मनात आता पावसाचा प्रश्न आलाच असेल. “पाऊस लागला की रेंज जाते,” हे आपण गृहीतच धरतो. फोन आणि टॉवर यांच्यातल्या लहरींना पावसाच्या थेंबांचा त्रास नगण्य असतो. ताशी ५० मिलिमीटरच्या सरीतही २ गिगाहर्ट्‌झची लहर एका किलोमीटरमागे डीबीचा शंभरावा भागसुद्धा गमावत नाही. ओली झाडी थोडा अडथळा वाढवते, इतकेच. पावसाचा फटका बसतो तो टॉवर-टॉवरमधल्या सूक्ष्मलहरींच्या दुव्यांना. भारतात त्यासाठी १३, १५, १८, २१ गिगाहर्ट्‌झचे पट्टे वापरतात. १५ गिगाहर्ट्‌झची लहर दोन सेंटिमीटरची, आणि तशाच सरीत ती किलोमीटरमागे ३ ते ४ डीबी गमावते. म्हणजे दर किलोमीटरला निम्म्याहून कमी उरते. हे दुवेही आता जुळवून घेणारे आहेत. सर आली की मांडणी पायरीपायरीने खाली येते, सर ओसरली की वर चढते. फोनवर काड्या तशाच राहतात, पण टॉवरच्या पाठीमागची वाट अरुंद झालेली असते. जिथे टॉवरपर्यंत ऑप्टिकल फायबर पोहोचले आहे, तिथे हा प्रश्न उरत नाही.

जुळवून घेण्यालाही शेवट असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्याच्या दक्षिण भागात विजेचे खांब आडवे झाले आणि वीज गेल्यावर बॅटऱ्या संपलेले टॉवर मुके झाले. तिथे क्यूपीएसकेही कामाला आले नाही. रेडिओची हुशारी विजेच्या जोडणीवर आणि डिझेलच्या पुरवठ्यावर उभी असते, हे त्या दिवसांनी दाखवले. म्हणून पुस्तकात वीज आणि फायबर यांवर स्वतंत्र प्रकरण आहे.

शेवटचा मुद्दा गर्दीचा. समजा पेणच्या बाजारात टॉवरजवळ एकाचा सीक्यूआय १५ आहे आणि वस्तीच्या टोकाला दुसऱ्याचा १. दोघांनी तोच फोटो मागवला तर दुसऱ्यासाठी टॉवरचा ३६ पट वेळ खर्च होतो. हा वेळ सगळ्यांच्या सामाईक वेळातून जातो. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात गोव्याच्या महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्या वडखळपासून रांगेने उभ्या असतात तेव्हा प्रत्येक फोनची मांडणी अगदी योग्य निवडलेली असू शकते, आणि तरीही कुणाचे काही उघडत नाही. लिंक ॲडॅप्टेशन प्रत्येक क्षणाचा पुरेपूर उपयोग करते. ते क्षण वाढवू शकत नाही. कुणाला किती क्षण द्यायचे, हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि त्याची उत्तरे शेवटच्या प्रकरणात आहेत.

या तंत्राच्या यशाचा एक तोटाही झाला आहे. पूर्वी बिघाड झाला की कॉल तुटायचा आणि बिघाड सगळ्यांना दिसायचा. आता जाळे तुटण्याऐवजी मंदावते, आणि मंदावण्याची तिन्ही कारणे ‘रेंज नाही’ या एकाच तक्रारीत गुंडाळली जातात : सिग्नल क्षीण असणे, गोंगाट जास्त असणे, गर्दी असणे. तिन्हींचे उपाय वेगळे. बहुतेक अँड्रॉइड फोनवर फुकट ॲपमधून दोन आकडे वाचता येतात. आरएसआरपी म्हणजे सिग्नलचा जोर. तो उणे ११५ डीबीएमच्या खाली गेला तर टॉवर खरोखर लांब आहे किंवा आड डोंगर आहे, आणि नवा टॉवर मागणे योग्य. तो उणे ८५ च्या आसपास आहे, पण सिग्नल-गोंगाटाचे प्रमाण सांगणारा एसआयएनआर शून्याजवळ आहे, तर नवा टॉवर गोंगाटात भरच घालील. तिथे आहे त्या अँटेनांचा कल आणि दिशा तपासायला सांगावे. दोन्ही आकडे उत्तम आणि तरी गती नाही, तर अडचण गर्दीची किंवा टॉवरमागच्या दुव्याची. ग्रामपंचायतीने तक्रारअर्जात हे दोन आकडे, ठिकाण, वेळ आणि पाऊस होता की नव्हता एवढे लिहिले, तरी पलीकडच्या अभियंत्याला कोणत्या बिघाडाकडे पाहायचे ते कळेल, आणि ‘तपासून पाहू’ एवढे उत्तर देऊन त्याला सुटता येणार नाही.